शेवटच्या पानावरचे घर

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, सोलापूर.

अर्जदार : श्रीमती चंद्रव्वा गुरप्पा हत्तुरे, वय अदमासे सत्तर, धंदा शेती,
रा. बेवनहळ्ळ वस्ती, मैंदर्गी शिवार, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर.

विषय : 'सिदूचा पाऊस' हे मुलांचे पुस्तक रद्द न करता त्यातील शेवटच्या पानावरील घराचे चित्र बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : सदर पुस्तक जाळून टाकणेबाबत आमच्या वस्तीचे पोलीस पाटील श्री. बसप्पा यांनी आपणाकडे केलेला अर्ज.

महोदय,

१. संदर्भातील अर्जावर वस्तीतील सर्व घरांच्या सह्या व अंगठे आहेत. माझा नाही. बसप्पा पाटील कागद घेऊन माझ्या दारी आले व म्हणाले, "आज्जी, हितं अंगठा टेक की." मी आधी वाचून बघते म्हणाले. त्यावर ते हसले व कट्ट्यावर बसले. मला वाचायला वेळ लागतो. त्यांची तंबाखू मळून, खाऊन, थुंकून झाली तरी माझे वाचन चाललेच होते. संपल्यावर मी कागद परत दिला व माझे म्हणणे मी स्वतः लिहून कळवीन असे सांगितले. तो हा अर्ज आहे. आमच्या घरात कानडी बोलतात व मराठी अक्षरे मी म्हातारपणी शिकले, तरी लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. आमच्या वस्तीवरील शाळेत रुक्मिणीबाई नावाच्या एकच शिक्षिका आहेत. मुलांची शाळा सुटली की दुपारी त्या आम्हा बायकांचा वर्ग घेतात. अक्षरे जुळू लागल्यावर मोठ्या टाइपात छापलेली पुस्तके बरी पडतात म्हणून त्यांनी आम्हांला शाळेच्या पेटीतील मुलांची पुस्तके वाचायला दिली. त्या पेटीत पावसाची पुस्तके पुष्कळ आहेत. एकात मुले कागदाच्या होड्या सोडतात. एकात बेडकाचे लग्न लागते. एकात मुलगा छत्री विसरतो व त्याला शिंका येतात. कोणतेही पुस्तक घेतले तरी पाऊस शेवटच्या पानावर हमखास पडतो. आमच्याकडील मुले त्यात बोट ठेवून ऐकतात. मोठ्या दुष्काळात जन्मलेल्या मुलांनी तर पाऊस आधी पुस्तकातला ऐकला व मग खरा पाहिला. खरा पाहिल्यावर तो त्यांना थोडा कमी वाटला, असे माझ्या ध्यानात आले आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुस्तकातल्या पावसाचे बळ किती असते हे आपणास कळावे म्हणून लिहिते.

३. सोलापूर शहरात कदाचित माहीत नसेल म्हणून आमच्या भागातील एक रीत कळवते. पावसाने ओढ दिली की गुर्जव्वा काढतात. भाकरीच्या तव्यावर शेणाची एक बाहुली करून बसवतात. तोच तवा एका मुलीच्या डोक्यावर देतात. ती दारोदार जाते. प्रत्येक घरची बाई तव्यावर तांब्याभर पाणी ओतते व मुलगी स्वतःभोवती गिरकी घेते, म्हणजे पाणी चहूकडे उडते. तवा डोक्यावर असेपर्यंत मुलीने बोलायचे नसते. मागायचे नसते, हाक मारायची नसते, नुसते दारात उभे राहायचे असते. सगळी घरे झाली की ती शेवटी आपल्या घरी येते. तिथे घरच्यांनी घागरभर पाणी ओतले की मगच तवा खाली उतरतो.

४. सन १९७२ च्या श्रावणात माझी नात सिद्धम्मा हिच्या डोक्यावर तवा दिला. तिची आई शांतम्मा तिच्याच बाळंतपणात गेली, बाप सोलापुरास गिरणीत, म्हणून तिला मीच वाढवली होती. त्या दिवशी मी दुष्काळी कामावर सडकेला खडी फोडत होते. घराला कडी होती. वस्तीत पाणी नव्हतेच. काही बायांनी बोटे भिजवून तव्यावर शिंपडली, काहींनी दारे लोटून घेतली, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. सिद्धम्मा सगळी घरे करून आमच्या दारात येऊन उभी राहिली. तवा उतरवणारे कोणी नव्हते. ती बराच वेळ उभी होती, असे समोरच्या घरातून पाहणाऱ्यांनी सांगितले. त्यांनी विचारले, पण ती बोलली नाही. मग ती तवा घेऊन हळ्ळाकडे, म्हणजे आमच्या ओढ्याकडे, चालत गेली. तिला वाटले असेल की कुठेतरी एखादे दार असेल.

मी घरी आले तेव्हा तवा कोरड्या ओढ्यात पालथा सापडला होता. सिद्धम्मा सापडली नाही. सगळ्या विहिरी पाहिल्या. पलीकडच्या कानडी मुलखातील गावांतही माणसे धाडली. पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली आहे. पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला, ओढा दुथडी वाहिला. मी दार उघडे ठेवून बसले होते. ती आली नाही.

५. त्या वेळी आमच्या शाळेवर एकनाथ मास्तर होते. सिद्धम्माला ते सिदू म्हणत. तिला शोधायला ते आमच्याबरोबर रानोमाळ फिरले होते. नंतर त्यांची बदली करकंबला झाली. त्यांनी हे पुस्तक लिहिले आहे हे मला ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी पेटीत नवी पुस्तके आली त्यातले हे एक रुक्मिणीबाईंनी मला दिले. त्या या वस्तीवर नंतर आल्या, त्यांनाही ठाऊक नव्हते. साहेब, मी आयुष्यात पहिल्या पानापासून एकटीने वाचायला घेतलेले पहिले पुस्तक हे होय. तवा आला तिथे ही आमचीच सिद्धम्मा हे मला कळले. ती दारांपुढे उभी राहते, कोणी पाणी ओतत नाही, घराला कडी असते, ती ओढ्यात जाऊन उभी राहते, इथपर्यंत सगळे जसे घडले तसे आहे. त्यानंतर पान उलटले की पाऊस पडतो. तवा भरून वाहतो. सिदू चिंब भिजून घरी जाते व आजी दार उघडते.

ते पान मी त्या दिवशी वाचले नाही. रुक्मिणीबाईंनी वाचून दाखवले. नंतर पुष्कळदा मी स्वतः वाचले.

६. शेवटच्या पानावर घराचे चित्र आहे. त्या घराला उतरते छप्पर असून त्यावर तांबडी कौले आहेत. पागोळ्या गळत आहेत. अंगणात केळीचे झाड आहे. आमच्या वस्तीत केळ नाही. आमचे घर माळवदाचे, म्हणजे वरून सपाट, पांढऱ्या मातीचे आहे. दार इतके बुटके आहे की तवा डोक्यावर असेल तर गुडघे मोडून आत यावे लागते. दाराशी कडुनिंब आहे. चित्रातील घर कोणाचे आहे मला माहीत नाही. ते आमचे नाही.

७. आता बसप्पा पाटलांच्या तक्रारीविषयी. मुले आजारी पडली, गोष्ट ऐकून पोरे सिदूसाठी भांडी भरून दाराबाहेर ठेवतात व पाणी वाया जाते, असे त्यांनी लिहिले आहे. त्यातील पाण्याचे खरे आहे. पण त्यांनी खरे कारण लिहिलेले नाही, ते मी लिहिते. गेल्या वर्षी पाटलांनी घर नवे केले व त्यावर मंगळुरी कौले चढवली. वस्तीत उतरते छप्पर तेवढे एकच. ज्या दिवशी शाळेत हे पुस्तक शेवटपर्यंत वाचतात, त्या दिवशी दुपारून पाटलांच्या दारात कोणी उभे राहते. त्यांची सून दुर्गा हिने मला सांगितले. कोणी हाक मारत नाही, कडी वाजवत नाही, पण दाराबाहेर कोणी उभे असले की आतल्या बाईला कळते तसे तिला कळते. दार उघडले तर माणूस नाही. उंबरा ओला. उन्हाळ्यात, आभाळात ढगाचे बोटभर चिन्ह नसताना, पाणी निथळल्यासारखा ओला. एकदा दुर्गाने न राहवून तांब्याभर पाणी बाहेर ओतले, तर सासरे तिला फार टाकून बोलले. पोर भली आहे. तिच्यावर या अर्जामुळे राग निघू नये अशी काळजी घ्यावी.

माझा उंबरा कोरडा आहे. पुस्तक वाचतात त्या दिवशी मी हात लावून पाहते.

८. मी एकदा पाटलांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. बसप्पा म्हणाले, "तुझी नात हाय न्हवं, मग घिऊन जा की तुझ्या घरला. आमच्या दारात का म्हनून?" त्यात त्यांचेही काही चूक नाही. घरात लहान पोरे आहेत, माणूस घाबरतो. शाळेत वाचन चालल्याचा आवाज तिथवर येत होता. मुलांनी शेवटची ओळ एका सुरात म्हटली. मग थोड्या वेळाने माझ्या पायाशी फरशी भिजली. मी म्हणाले, "सिद्दव्वा, हितं न्हाय बाळ. आपलं घर पल्याड, लिंबाखाली." उत्तर आले नाही. तवा डोक्यावर असताना ती बोलणार नाही हे मला समजायला हवे होते. मी उठून आमच्या घरापर्यंत चालत गेले, मागे न बघता, ती मागून येईल म्हणून. आमच्या दारापर्यंत धूळ तशीच कोरडी होती. छापलेल्या पानावर जे घर आहे तिथेच तिला जाता येते, अशी माझी समजूत झाली आहे.

९. मी रुक्मिणीबाईंकडून निरोप लिहून घेऊन एकनाथ मास्तरांना बोलावले. ते करकंबहून आले व माझ्यापुढे मान खाली घालून बसले. शेवट असा का लिहिला असे मी विचारले. ते म्हणाले, "आज्जी, मुलांच्या गोष्टीत पाऊस पाडावाच लागतो. पोरगी हरवली म्हणून सोडून दिलं तर कोण छापणार, आणि कोण पोरांच्या हाती देणार?" मग म्हणाले, "मलाही ती घरी आलेली बघायची होती." मी त्यांना दोष दिला नाही. ती घरी यावी असे लिहिणारा या जगात मला दुसरा कोणी भेटलेला नाही. चित्राचे विचारले तेव्हा ते म्हणाले की चित्रे काढणारा लांबच्या गावचा, त्याने आमचा मुलूख पाहिलेला नाही, पाऊस म्हटले की त्याच्या हातून कौलेच निघतात. जाताना उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी आणखी एक सांगितले. करकंबच्या शाळेलाही कौले आहेत. ते स्वतः हे पुस्तक वर्गात वाचतात त्या दिवशी ओसरीवर एका जागी पाणी साचते. मुलांना ते घागर सांडली म्हणून सांगतात.

यावरून माझ्या ध्यानात आले की सदर पुस्तक जिल्ह्यातील पुष्कळ शाळांत गेलेले आहे. म्हणजे जिथे जिथे ते वाचले जाते तिथून ती निघते, आणि कोणाच्या तरी कौलाखाली जाऊन उभी राहते. एकाच वेळी किती दारांत, ते सांगता येत नाही. तिला तर आपले एकच घर ठाऊक होते.

१०. तरी माझी हात जोडून विनंती खालीलप्रमाणे आहे.

पुस्तक जाळू नये. पाऊस पडण्याआधीच पुस्तक संपले तर ती ओढ्यातच उभी राहील. बसप्पा पाटलांना आज हे समजत नाही, पण त्यांच्या दारातील उभे राहणेही चित्र बदलल्यावर आपोआप थांबेल, असे त्यांना कार्यालयातर्फे कळवावे. माझे ते ऐकत नाहीत.

पुस्तक पुन्हा छापताना शेवटच्या पानावर कौलारू घराऐवजी माळवदाचे घर छापावे. केळ काढून कडुनिंब घालावा. दार बुटके ठेवावे. आजी दारात उभी दाखवली आहे, ती फार गोरी व ठेंगणी आहे, तिचे काही नाही, ती राहू द्यावी. घर बरोबर असले म्हणजे झाले.

आमच्या शाळेतील प्रतीवर मी काढलेले घराचे चित्र चिकटवण्यास रुक्मिणीबाईंना परवानगी द्यावी. सरकारी पुस्तकावर काही चिकटवता येत नाही असे त्या म्हणतात व पाटलांचा अर्ज गेल्यापासून आपल्या हुकमाशिवाय पुस्तक पेटीतून काढत नाहीत.

नवी छपाई होण्यास काळ लागेल हे मी समजून आहे. तोपर्यंत सर्व शाळांना असा हुकूम व्हावा की, हे पुस्तक मुलांना जरूर वाचून दाखवावे, पण ओढ्याच्या पानावर थांबावे. मुले पुढचे विचारतील. त्यांना दम धरायला सांगावे. पाऊस पडला की ती निघते, आणि निघाली की परक्या दारात जाऊन मुकाट उभी राहते. ती इतकी वर्षे उभी आहे, आणखी थोडे महिने उभी राहील. आमच्या घराचे दार नीट छापून होईपर्यंत पाऊस पाडू नये.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी, नम्र अर्जदार,

चंद्रव्वा गुरप्पा हत्तुरे
(सही स्वतःच्या हाताची)

ठिकाण : बेवनहळ्ळ वस्ती
दिनांक : १२ एप्रिल १९७९

सोबत : आमच्या घराचे चित्र, अर्जदाराने स्वतः कोळशाने काढलेले. बोट लागल्यास पुसते, तरी कडेने धरावे.