बाचा वाडगा

फुटस्क्रे, मेलबर्न
१४ सप्टेंबर २००८

प्रिय तोआनदादा,

तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनीला आणि मुलींना माझी आठवण सांग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझी बेकरी बरी चालली आहे. मागच्या गल्लीत आणखी एक निघाली. आई मला तिथून पाव आणायला लावते आणि खाता खाता नावं ठेवते. म्हणजे तिची जीभ अजून शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात तिने मला फोटो स्टुडिओत नेलं. बाचा तो एकुलता एक फोटो मोठा करून घेतला आणि सोबत स्वतःचा, लग्नाच्या वेळचा. फोटोवाला म्हणाला, "आजी, हल्लीचा काढू या की!"

"हल्लीचा शेजारी लावला तर लोक म्हणतील, हा हिचा मुलगा दिसतो," आई म्हणाली. तो हसला. मला हसू आलं नाही.

बाचा फोटो आता कशाला, असं तुला वाटेल. त्या नववर्षाला तू बासाठी टेबलावर वाढलेला वाडगा उचलून पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवलास. "देश सोडताना बा आपल्या मागच्या बोटीने निघाला, ती बोट कुठेच पोचली नाही. आता त्याचं श्राद्ध तरी घाला," म्हणालास. बरोबरच होतं तुझं. पण आई किंचाळली, "जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंक्तीला बसवतोस? चालता हो!" तू गेलास तो गेलासच. ती हट्टी, आणि तू तिच्या वरताण.

परवा भरल्या कारल्याचं सूप केलं होतं. आईने नेहमीसारखं बाला वाढलं. मग उठली आणि स्वतःच्या हाताने तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"आई, हे काय?"

"माझ्यामागे त्याला टेबलावर कोण वाढणार? तू? तुझ्या सूपमध्ये मीठ नसतं. वर्षातून एकदा श्राद्धाचं तरी मिळू दे त्याला. उपाशी भटकायला नको."

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण पुढचं लिहवत नव्हतं. तिच्या पोटात गाठ आहे, दादा. पसरली आहे. तिला सगळं कळलंय. तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "आमच्या पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या शेवटापर्यंत निभेल ना?" बाची बोट सुटली तीच तिथी तिने श्राद्धासाठी धरली आहे. यंदा ती २६ ऑक्टोबरला येते, रविवारी. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. मला फार भीती वाटते.

पहिली उदबत्ती थोरल्या मुलाने लावायची. मी म्हटलं, "दादा नाहीच आला तर मी लावते." तर माझ्यावरच उखडली, "तुला कुणी विचारलं? येईल तो. उशीर होईल, पण येईल."

बाबद्दलही ती हेच म्हणायची, याच शब्दांत, सत्तावीस वर्षं.

बाला येणं शक्य नव्हतं. तुला आहे.

तुझी,
न्यान