बेदाणा शेडला २४० लाकडी झडपा

३ मार्च, सोमवार
१. अर्जुनामामांनी विट्याजवळच्या बेदाणा शेडची निम्मी बाजू मला दिली.
२. त्या बाजूचं शेडनेट काढलं. पावसाचा पडदाही काढला.
३. त्या जागी पातळ लाकडाच्या २४० झडपा बसवल्या. कोरड्या हवेत त्या वाकून उघडतात, दमट हवेत सरळ होऊन मिटतात. मोटर नाही, सेन्सर नाही, वीज नाही.
४. अवकाळीत द्राक्षं भिजणार नाहीत, असं मामांना सांगितलं. "नक्की का?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले.
५. यंदाची त्यांची निम्मी द्राक्षं माझ्या बाजूला वाळणार.

५ मार्च
चाचणी. स्प्रेने पाणी मारलं. अकरा मिनिटांत सगळ्या झडपा मिटल्या. मामींना दाखवलं. म्हणाल्या, "आमच्या न्हाणीचं दार वीस वर्सं ह्येच करतंय. त्याला कुणी डिग्री दिली न्हाई." ठरवलं: घरच्यांना तांत्रिक माहिती द्यायची नाही.

८ मार्च, सकाळी ७
काल जाळ्यांवर द्राक्षं पसरली. आज सगळ्या झडपा मिटलेल्या. आर्द्रता बाहेर ३१ टक्के, आत ८६. म्हणजे झडपा अचूक आहेत. पाणी द्राक्षं सोडतायत. मामा म्हणाले, "आगं संयू, पाणी सोडल्याबगार बेदाणा हुतोय व्हय?" हा मुद्दा डिझाइनच्या वेळी कुणी मांडला नव्हता.

९ मार्च
शेडवर कामाला येणाऱ्या बयाबाईंनी चाळीस झडपांत काड्या खोचून त्या उघड्या ठेवल्या. "आवं ताई, माल गुदमरतोय." मी काड्या काढल्या. माणसाच्या मदतीशिवाय चालतं, हेच तर सिद्ध करायचं आहे.

१२ मार्च
आत वास. आंबूस. सौम्य. मामा पलीकडच्या, शेडनेटच्या बाजूच्या द्राक्षांवर हात फिरवून आले.
तात्पुरता बदल: झडपा उघडून प्रत्येकीला एक बारीक खिळा. २४० खिळे मी स्वतः ठोकले. एकही तिरका नाही.

१५ मार्च, सायंकाळी ६
अवकाळी. मामा-मामींनी पलीकडचा पडदा चार मिनिटांत ओढला. माझ्या झडपा मिटल्या नाहीत. कारण: खिळे. मिटायचा प्रयत्न मात्र स्पष्ट दिसत होता. काही मधोमध चिरल्या. लाकडाची कामगिरी समाधानकारक. मामी ओरडल्या, "बगत काय हुबी ऱ्हायलीस? ताडपत्री आण!" मी वेळ नोंदवत होते.

१७ मार्च
पलीकडचा बेदाणा हिरवट-पिवळा. माझ्या बाजूचा काळा, वर बुरशी. मामांनी तो एकट्यानं फावड्यानं उकिरड्यावर टाकला. मी दुसरं फावडं उचललं, ते त्यांनी हातातून काढून घेतलं. सांगलीला परत आले. नोंदी पूर्ण करायला शांतता हवी.

१९ मार्च
मामा फोन उचलत नाहीत. शेडवर रेंज कमी असते. मामींनी उचलला. "त्यास्नी काम हाय," म्हणाल्या. मागे मामांचा आवाज येत होता. रेंज चांगली होती.

२० मार्च
मामांना पाठवलेला मेसेज, नोंद म्हणून:
मामा, द्राक्षं पाणी सोडतात हे मी धरलंच नव्हतं. पुढच्या लॉटला मला तुमची शेड नको. चाचणीला खोकंभर द्राक्षं मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी चालेल. रविवारी जेवायला येऊ का? शनिवारपर्यंत कळवा.