दाराबाहेरचे जमालभाई

तीर्थस्वरूप राधाताई,

गंगारामचा वाकून नमस्कार (मांडीत सळई घातल्यामुळे डॉक्टरांनी खरंखुरं वाकणं बंद केलंय, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडे इन्सुलीत काजू बरा धरला असेल. आमच्या वैभववाडीकडचा यंदा माकडांनीच पारखून घेतला.

काजूवरून पडून मी इस्पितळात आलो, हे तुला कळलंच आहे. पुढचं कळलं नसेल. शेजारच्या खाटेवर तारकर्लीचे जमालभाई होते. जन्मभर होडी चालवलेला माणूस, आता मूत्रपिंडं थकलेली, अंगात नुसती हाडं. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं (बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आधी घालायची की उतरवताना, यावरून) आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकांशिवाय चहा घशाखाली उतरेना.

मग मला जुलाब लागले. जखम पिकू नये म्हणून दिलेल्या औषधांनी पोट बिघडतं असं ऐकून होतो, म्हणून मी निर्धास्त. धास्ती घेतली ती डॉक्टर किशोरी यांनी. मी म्हटलं, जुलाबाच्या तपासणीचा रिपोर्ट येऊ द्या, मग ठरवा. त्या म्हणाल्या, "काका, तोवर तुम्हाला इथे ठेवलं आणि जमालकाकांना हे लागलं, तर त्यांना ते सोसणार नाही. खोली आत्ताच बदलायची." आणि मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं, स्वतंत्र संडासासकट. ताई, एवढी बडदास्त माझी लग्नातही ठेवली नव्हती, आणि मी रडलो. सिस्टर गाऊन-हातमोजे घालून येत (मधाचं पोळं काढायला आल्यासारख्या). सॅनिटायझरला हे जंतू दाद देत नाहीत म्हणून जो तो साबणाने हात चोळी. गावात माझ्या आजाराला इतकी नावं पडली की आपला चुलतभाऊ फोनवरसुद्धा लांबून बोलत होता.

जमालभाई मात्र रोज भिंतीला धरून यायचे. आत यायची मनाई, म्हणून दाराबाहेर खुर्चीवर बसायचे.

"गंगाराम, जितो आसस मां रे?"

"आसंय."

"मगे आयक. आज वारो बरो आसा. होड्यो भायर पडल्यो आसतीत."

रिपोर्टात ते जंतू खरंच निघाले. मी म्हटलं, आता येऊ नका. ते म्हणाले, "मधी दार आसा ना? मगे तू कित्याक भियातस?"

एके दिवशी ते आले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, घरी गेले. न सांगता गेले म्हणून मी चिडलो, आणि ते परत आले की काय काय सुनवायचं ते पाठ करत पडलो.

पोट ताळ्यावर येऊन वर दोन दिवस गेले, तेव्हा मला वॉर्डात परत आणलं. जमालभाईंच्या खाटेवर दुसराच माणूस घोरत होता. संध्याकाळी त्यांची मुलगी बानू राहिलेली चादर न्यायला आली आणि माझ्यापाशी बसली.

"अब्बा गेले, काका. डायलिसिस नको म्हणान तेंनीच घराक न्हेवक लायल्यानी. पोट शेवटपर्यंत बरां होतां. माझ्या हातची पेज जेवले. ओसरेर खाट घातली, थंयसून दर्या बघी होते." मग चादरीची घडी घालत म्हणाली, "तुमका सांगूक येवचा होता तेंका. पण चलाक होयना."

 मी तिला जाताना हात धुऊन जा, एवढंच सांगितलं.

डॉक्टरांनी रिपोर्टची वाट पाहिली असती तर जमालभाईंना ती पेज आणि ती ओसरी मिळाली नसती, हे मला कळतं. तरी त्या खोलीवरचा माझा राग जात नाही.

तुझा,
गंगाराम

ता. क. – पोट उत्तम आहे. भेटायला येण्याची तसदी घेऊ नये.

पुन्हा ता. क. – वरचं खोडून वाचावं. ताई, तू ये. इथून सोडलं की मला तारकर्लीला जायचंय, जमालभाईंच्या घरी. काठीने चालेन मी, पण बानूच्या आईसमोर बसून काय बोलतात ते मला येत नाही. भावोजी गेले तेव्हा कोणाचं तरी काहीतरी ऐकून तुला बरं वाटलं असेल. तेवढं तू बोल. मी नुसता बाजूला बसेन.