न हलणारी जमीन

आई, तुझ्या पायांवर डोकं.

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. इथे जमिनीखालचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना घासत हळूहळू सरकतात. रस्त्यात ठोकलेल्या दोन खिळ्यांमधलं अंतर मी रोज मोजते. दरवर्षी दार अडतं, की घरमालकीणबाई रंधा मारत म्हणतात, "जमीन सरकतेय तोवर बरं, बाई. रुसून बसली तर?"

तू लिहितेस, भूकंपात बाबा गेल्यावर बांधलेल्या भिंतीला वीस वर्षांत केसाएवढी चीर नाही. तेच वाचून माझी झोप उडाली. आपल्याकडचे तुकडे एकमेकांत अडकून बसलेत, ताण साठतोय. कधी सुटेल, कुणालाच सांगता येत नाही.

घर सोडवत नाही, कळतं गं. तरी मावशीच्या हलक्या, पत्र्याच्या घरी राहायला जा. त्या भूकंपाआधी बाबांना मी "काही होत नाही" असं लिहिलं होतं.

तुझी,
धाकटी