दादाच्या दोन नोंदी

अण्णा, मागच्या रविवारी तुमची वंशावळीची फाइल मी दादाच्या मुलीला पाठवली. ती तिकडे अमेरिकेत आता कॉलेजात आहे. घराण्याबद्दल काहीतरी लिहायचं आहे म्हणाली. नंतर फोनवर आमचं जे बोलणं झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. ह्यांना सांगून पाहिलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण ते बोलणं त्यांच्यासाठी नव्हतंच. ते तुम्ही ऐकायला हवं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की पंचवटीतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत सध्या कोण राहतं हेही मला ठाऊक नाही. तरी लिहिते.

आई गेली आणि वर्षाच्या आत तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, तेव्हा मला तुमची काळजी वाटायची. स्वयंपाक शिकलात, कपडे स्वतः धुवायला लागलात, पण दुपार तुम्हाला खायला उठायची. दादा त्या वर्षी डिसेंबरात आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तुम्हाला कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यात त्याने वंशावळ लिहायचा एक प्रोग्राम घातला होता. मी ऑफिस सुटल्यावर यायचे तेव्हा तुम्ही दोघं पुढच्या खोलीत शेजारी शेजारी बसलेले असायचात, दादा खुर्चीवर, तुम्ही स्टुलावर. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस माउस हातात धरताना खडू धरल्यासारखा धरतो म्हणून दादा हसायचा. तुम्हीही हसायचात. तुम्हा दोघांना एकत्र हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं. तो अमेरिकेला गेल्यापासून तुमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असे. "बरं आहे ना?" "बरं आहे." "मग ठेवतो." वंशावळ सुरू झाली आणि फोन लांबले. पणजोबांना भाऊ किती, अमक्या आत्याचं सासर कुठलं, असं काय काय तुम्ही बोलू लागलात. तब्येत, आईची आठवण, एकटेपणा यातलं काहीच नाही. पण फोन अर्धा अर्धा तास चाले. त्यानेही तिकडे स्वतःची वेगळी फाइल केली होती. "एकदा दोन्ही एकत्र करू," असं तो दर वेळी म्हणायचा. दर वेळी ते पुढच्या सुट्टीवर जायचं.

एकदा सायखेड्याला तुमच्याबरोबर मी आले होते, आठवतं? तुमचे चुलतभाऊ मळ्यात टोमॅटो भरत होते. तुम्ही क्रेटवरच बसलात आणि त्यांना त्यांच्या आजीच्या बहिणींची नावं विचारायला लागलात. त्यांनी दोन-तीन सांगितली, मग हात झटकले आणि म्हणाले, "मास्तर, मेलेल्यांची नावं लय गोळा केली तुम्ही. जित्यांकडं कवा येता? आमची म्हातारी दोन महिने अंथरुणाला खिळून हाय, तुम्हाला ठावं तरी हाय का?" तुम्ही उठलात. कागद घडी करून खिशात घातलात आणि आत जाऊन तुमच्या त्या काकूंच्या उशाशी संध्याकाळपर्यंत बसलात. एसटीत परत येताना म्हणालात, "तो बरोबर बोलला." त्यानंतर मात्र तुम्ही मला दर गुरुवारी जेवायला बोलवायला लागलात. त्याआधी कधी बोलावलं नव्हतं.

दादाची बातमी माझ्या ऑफिसात आली. वहिनीच्या भावाने फोन केला होता. ऑफिसच्या वाहनतळात गाडीतून उतरताना पडला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी गाडी घेऊन पंचवटीपर्यंत कशी आले ते मला आजही आठवत नाही. तुम्ही ओट्यापाशी मेथी निवडत होता. मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग मेथीकडे. हातातली काडी तोडलीत, पानं परातीत टाकलीत, पुढची काडी घेतलीत. ती अख्खी जुडी तुम्ही निवडून संपवलीत अण्णा, आणि मी दारात उभी होते. मग नळाखाली हात धुतलेत आणि म्हणालात, "माझ्याकडे पासपोर्ट नाही."

एवढंच बोललात. नंतरही त्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. वहिनीचा दोष नव्हता. लहान मुलगी, परका देश, सगळं एकटीने करायचं. तिने तिथेच सगळं उरकलं आणि अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्या. तुम्हाला विचारलं होतं तिने. तुम्ही "हो, चालेल" म्हणालात. मला ते सोसलं नाही. आपलं घर रामकुंडापासून चालत अंतरावर. लोक कुठून कुठून येतात तिथे, गाड्या करून, रेल्वेने, मांडीवर लाल कापडात बांधलेला कलश घेऊन. सकाळी दूध आणायला जाताना तुम्हाला ते रोज दिसत. शेजारचे गुरुजी म्हणाले, "मास्तर, दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, मी सगळं बघतो." तुम्ही म्हणालात, "ज्याचं काहीच आलं नाही त्याचं काय करू?" त्या दिवसापासून तुम्ही दूध आणायचा रस्ता बदललात. लांबून, पेठ रोडच्या बाजूने जायला लागलात.

पुढच्या वर्षी वहिनीचा फोन आला. "अण्णा, ह्यांच्या कॉम्प्युटरवर ती फाइल आहे. मी उघडून बघितली, जमलं तेवढं भरलं. पाठवू का?" तुम्ही मला बोलावून घेतलंत. रविवारची सकाळ होती, तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता, जणू कुणी यायचं आहे. सायबर कॅफेतून मी ती फाइल फ्लॉपीवर उतरवून आणली होती. तुमच्या फाइलमध्ये ती आत घ्यायची, एवढंच काम. प्रोग्रामने विचारलं, मी हो म्हटलं, पट्टी पुढे सरकली आणि झालं. आणि बघतो तर घरातलं प्रत्येक माणूस दोनदा. दोन आज्या, दोन काका, दोन आया. इंग्रजीत नावं लिहिताना तुम्ही 'व' साठी डब्ल्यू लिहायचात, दादा व्ही लिहायचा. तुम्ही शेवटी एक 'ए' जास्त लावायचात, तो लावायचा नाही. बिचाऱ्या प्रोग्रामला कसं कळणार की दोघं एकाच माणसाबद्दल बोलताहेत.

मी ऑफिसातल्या सवयीने घाई केली. सारखी दिसणारी माणसं आपोआप जोडायची एक सोय होती, तिच्यावर बोट ठेवलं. क्षणात यादी अर्धी झाली. तुम्ही चष्मा पुढे ओढून पडद्याजवळ गेलात आणि एकदम ओरडलात, "अगं, हे काय केलंस?" दादाला तुमच्या वडिलांचं नाव ठेवलेलं. नाव तेच, आडनाव तेच. प्रोग्रामने आजोबा आणि नातू एकच धरले होते. तुमच्या वडिलांच्या जागी दादा बसला होता, तुम्ही स्वतःच्याच मुलाचा मुलगा झाला होता. मला हसू यायला लागलं होतं, पण तुमचा चेहरा बघून ते गेलं. "माणसं आहेत ती," तुम्ही म्हणालात, "धान्य नाही, एका पोत्यात ओतायला. एकेक कर." तुम्ही मला एवढ्या मोठ्याने शाळेच्या वयातही बोलला नव्हता.

मग मी सगळं पुसून पुन्हा घेतलं आणि आपण एकेक करत बसलो. डावीकडे तुमची नोंद, उजवीकडे दादाची, खाली प्रश्न: ही व्यक्ती एकच आहे का? तुम्ही नीट वाचायचात, मान हलवायचात, मी जोडायचे. मध्येच मी आले. तुमच्याकडे माझं माहेरचं नाव, पुढे काहीच नाही. लेकी दिल्या की तुमच्या वंशावळीत तिथेच थांबत. दादाच्या फाइलमध्ये माझं सासरचं नाव, हे, माझी दोन्ही मुलं, त्यांच्या जन्मतारखा. एवढंच नाही, धाकटा उलटा जन्मला म्हणून मला किती त्रास झाला तेही त्याने टिपून ठेवलं होतं. तुम्ही बराच वेळ वाचत राहिलात. "त्याने हे कधी विचारलं तुला?" "फोनवर, अण्णा. बाळंतपणात रोज करायचा फोन." तुम्ही म्हणालात, "मला माहीत नव्हतं." मग म्हणालात, "त्याचं ठेव. माझं काढ."

दादाची मुलगी जोडली. वहिनी जोडली. मग दादा आला. डावीकडे तुम्ही लिहिलेला दादा, नाशिकचा जन्म, शिक्षण, नोकरी, आणि हयात. उजवीकडे तोच दादा, आणि शेवटच्या ओळीत तारीख. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत, काचेला लागेपर्यंत.

"हे त्याने लिहिलं?"

"नाही, अण्णा. वहिनीने. तो कसा लिहील?"

"हां. बरोबर." तुम्ही बोट काढलंत. "तो कसा लिहील."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. तुम्ही म्हणालात, "आज नको."

"कधीतरी करावंच लागेल."

"करू. आज नको म्हटलं ना. पुढचा घे."

मी पुढचा घेतला. दुपारपर्यंत बाकी सगळे जोडून झाले, तेवढा एक दादा राहिला. त्यानंतर प्रोग्राम उघडला की तो दर वेळी आठवण करून द्यायचा की एक नोंद दोनदा असल्यासारखी वाटते, आत्ता बघायची का. तुम्ही 'नंतर' वर टिचकी मारायचात. गुरुवारी जेवायला आले की मला ती टिचकी स्वयंपाकघरात ऐकू यायची. काही महिने दर गुरुवारी यायची. मग महिन्यातून एकदा. मग कॉम्प्युटरवर टाकलेलं कापड तुम्ही काढायचंच सोडलंत, आणि ते मला टिचकीपेक्षा वाईट वाटलं. तुम्ही बारीक होत गेलात. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, वय आहे. एकदा मीच म्हटलं, चला, नामपूरला आईच्या माहेरी जाऊ, तिकडची नावं तुमच्याकडे अर्धीच आहेत. तुम्ही म्हणालात, "पाठवायचं कुणाला?" मी म्हणू शकले असते, मला द्या. मी भाजी वाढली.

तुमच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या. मुलगी असून मीच केलं सगळं, गुरुजींनीही काही म्हटलं नाही. पाणी गढूळ होतं, गर्दी होती, मागचे लोक त्यांच्या पाळीची वाट बघत होते. कॉम्प्युटर भंगारात गेला, फाइल मात्र मी जपली. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग ऑफिसच्या मशीनवर. उघडली कधीच नाही.

मागच्या रविवारी दादाच्या मुलीला पाठवण्याआधी पहिल्यांदा उघडली, नव्या प्रोग्राममध्ये. त्यानेही आल्या आल्या तेच विचारलं. मी जोडायचं ठरवलं होतं. हात पुढे केला, आणि नाही जमलं. तशीच पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. तिचं मराठी वहिनीने टिकवलं आहे, जरा अडखळतं, पण गोड आहे.

"आत्या, मी इम्पोर्ट केलं. पण मला दोन बाबा दाखवतंय. एक लिव्हिंग आहे. मिस्टेक आहे ना?"

मी तिला सगळं सांगितलं. मेथीचं नाही सांगितलं, बाकी सगळं. आजोबांना ते जमलं नाही, आणि मलाही नाही, म्हणून ते तसंच राहिलं, असं म्हटलं.

मग ती म्हणाली, "आत्या, मी नऊ वर्षांची होते. आई म्हणायची, बाबा टूरवर आहेत असं समज, म्हणजे त्रास होणार नाही. मी खूप दिवस तसं समजले. ते जास्त वाईट होतं." आणि थोड्या वेळाने, "मी दोन्ही एक करू का?"

मी म्हटलं, कर बाळा.

तिकडे टिचकी वाजली. एकच. "झालं," ती म्हणाली. "तारीख ठेवली मी. आईने लिहिलेली." ती रडत नव्हती. मी रडत होते, पण तिला कळू दिलं नाही. फोन ठेवताना तिने विचारलं, "आजोबांना राग आला असता का?"

मी म्हटलं, नाही गं, उलट बरं वाटलं असतं.

मला ते माहीत नव्हतं, अण्णा. आजही नाही. बरं मलाच वाटलं होतं, आणि ते मी तुमच्या नावावर सांगून टाकलं.