फाट्यावरचा बिनडोळ्यांचा गणपती

जोहे, शनिवार

प्रिय दत्तू,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण तू फोनवर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि कागदाला तसं म्हणता येत नाही. शिवाय तुमच्या खात्यात माणसापेक्षा कागदाला जास्त मान असतो, एवढं आम्हाला चार अर्ज केल्यावर समजलंय.

चतुर्थी महिन्यावर आली. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. मी सकाळपासून डोळ्यांच्या आखणीला बसते. दिवसाला चाळीस गणपतींना दृष्टी देते आणि संध्याकाळी मलाच दिसेनासं होतं. आयचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच. सत्तरी उलटली तरी साच्यातून काढलेल्या कच्च्या मूर्ती पाटावर ठेवून, पाट डोक्यावर घेऊन, रस्त्यापलीकडच्या रंगाच्या शेडमध्ये तीच नेते. दुसऱ्या कुणाच्या हातून सोंड मोडते म्हणे.

बाबांची सायकल परवा पडवीतून खाली काढली, पुसली आणि पुन्हा टांगली. तिच्या दांड्यावर तू, मागे कॅरिअरवर मी, असे आपण पेणला शाळेत जायचो. घंटी वाजवायचा मान तुझा होता आणि तू ती म्हशींनासुद्धा वाजवायचास. ट्रक तेव्हाही होते, पण सायकल दिसली की ड्रायव्हर जरा बाजूला घ्यायचा, एखादा हातही करायचा. त्या दांड्यावर बसून तू इंजिनिअर झालास, दत्तू. आता रस्ता इतका रुंद झालाय की त्यावर सायकलला जागाच उरली नाही. गाड्यांना इकडे दोन पदर, तिकडे दोन पदर. पायी चालणाऱ्या बाईला एकच, तिच्या डोक्यावरचा. गावातल्या तीन पोरींनी यंदा अकरावी सोडली. पोरी पास झाल्या होत्या, नापास झाला तो रस्ता.

वाडीवरचा भिकू तुला आठवत असेल, आपल्या विहिरीचा गाळ काढायला यायचा तो. गेल्या श्रावणात सायकलवरून फाटा ओलांडताना त्याला टँकरने उडवलं. जागच्या जागी गेला. सायकल अजून काळुरामच्या चहाच्या टपरीमागे पडली आहे, मागचं चाक तेवढं धड आहे. त्याची बायको ठमी दहाव्याला म्हणाली, “ताई, त्याने हात वर केला व्हता. दिसला नाय का त्यांना?”

उत्तर आयला सापडलं. चार दिवसांनी ती डोक्यावर मूर्ती घेऊन रस्त्यात उतरली आणि मुंबईहून येणारा भला मोठा ट्रेलर किंचाळत थांबला. ड्रायव्हरने स्टिअरिंगला कपाळ टेकलं, क्लीनरने हात जोडले. तिच्या मागून ठमी लाकडाची मोळी घेऊन निघाली, तर त्याच ड्रायव्हरने तिला हॉर्न आणि शिवी दोन्ही दिली. आय पलीकडे पोचली आणि तिथूनच ओरडली, “काळुराम, बघितलंस? गणपतीला ब्रेक, मानसाला हॉर्न!”

दुसऱ्या दिवशी कान उडालेल्या, विकता न येणाऱ्या दोन कच्च्या मूर्ती कारखान्यातून निघाल्या. एक अलीकडे काळुरामच्या फळीवर, एक पलीकडे रंगाच्या शेडपाशी. ज्याला ओलांडायचं त्याने मूर्ती उचलायची, पलीकडे ठेवायची. येणाऱ्याने परत आणायची. दोन्ही एकाच बाजूला साठल्या तर काळुराम शिट्टी मारतो, मग कुणीतरी एक परत नेऊन ठेवतं. पोरी सायकल ढकलत नेताना कॅरिअरला बांधतात. ठमी मोळीवर ठेवते. परवा एका म्हशीलाही गणपती लाभला. ट्रक पंजाबचा असो की केरळचा, मूर्ती फोडायचं पाप कुणाला नको असतं. काळुराम मला म्हणाला, “हौसाताय, याला डोळे काढ ना गो, बरा दिसल.” मी नाही म्हटलं. डोळे असते तर हा रस्ता ओलांडायला तो स्वतःच तयार झाला नसता.

आम्ही काही देवावर भार टाकून बसलो नव्हतो. ग्रामसभेचा ठराव केला, अर्ज केले: फाट्याखालून चालायला आणि सायकल न्यायला भुयारी वाट, आणि तिथून पेणपर्यंत रस्त्याच्या कडेने कठडा घातलेली पायवाट नि सायकलची वाट. फार झालं का रे? एवढ्या रस्त्याला पैसा होता, दिव्यांना होता, ‘सुस्वागतम्’च्या कमानीला होता. कुणीतरी म्हणालं, गावाने वर्गणी काढावी, खातं हातभार लावील. मी म्हटलं, गाड्यांचा रस्ता करताना ट्रकवाल्यांकडे वर्गणीचा डबा फिरवला होता का? आमचे पाय सरकारी नसतील, पण ते ज्यावर पडतात तो रस्ता सरकारचा आहे.

परवा उत्तर आलं. “सदर ठिकाणी गेल्या अकरा महिन्यांत एकाही अपघाताची नोंद नाही. सबब पादचारी व सायकल मार्गासाठी निधीची आवश्यकता दिसून येत नाही.” खाली सही. नाव वाचायच्या आधीच ओळखली; ‘द’ची शेपटी अजून तशीच, बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेली.

दत्तू, अकराच महिने का? बारा मोजले असतेस तर त्यात भिकू आला असता. आणि त्या अकरा महिन्यांत अपघात झाला नाही तो तुमच्या रस्त्यामुळे की दोन फुटक्या कानांच्या मूर्तींमुळे, हे काळुरामला विचारलं असतंस तर चहाही फुकट मिळाला असता. पण पाहणीला आलास तेव्हा तू जीपमधून उतरला नाहीस. पाऊस होता, मान्य. रोह्याहून एवढ्या लांब आलास, घर फाट्यापासून हाकेवर, तरी आला नाहीस, तेही मान्य. रोह्याजवळ वरसेत राहतोस, रोज सकाळी नदीकाठी फरसबंद वाटेवर चालायला जातोस आणि तिथपर्यंत गाडीने जातोस, असं रोह्याला दिलेल्या आपल्या गावच्या येसूने सांगितलं. चालायला चांगली वाट लागते हे तुला कळतं, म्हणूनच राग येतो. न कळणाऱ्यावर मी शाई खर्च केली नसती.

तर आता आमचं ऐक. महिनाअखेर तो प्रस्ताव तुझ्या शेऱ्यासकट वर जाणार आणि कायमचा बंद होणार. म्हणून दोन्ही गणपती आम्ही कारखान्यात परत नेले आहेत. देवाने अकरा महिने तुमच्या खात्यात बिनपगारी नोकरी केली, त्याचं श्रेय साहेबांनी घेतलं. त्याने राजीनामा दिलाय. पुढच्या सोमवारी, एकवीस तारखेला, सकाळी आठला अख्खं गाव आणि वाडी रिकाम्या हातांनी फाटा ओलांडणार आहे. ‘रास्ता रोको’ नाही हो साहेब, आम्ही कायदा पाळणारी माणसं. फक्त ओलांडणार. एकामागे एक, सावकाश, सायकली हातात धरून. शेवटचा माणूस पलीकडे पोचला की पहिला परत निघेल. रस्ता ओलांडणं गुन्हा असेल तर तसं लेखी द्या, तोही कागद जपून ठेवू. मुंबईच्या बाजूला गाड्यांची रांग लागेल, पेणच्या बाजूला तुमच्या कोलाडपर्यंत गेली तरी चालेल. त्यांना थांबायची सवय नाही, आम्हाला आहे. तुझा शेरा बदलेपर्यंत ओलांडत राहू. मी बाबांची सायकल घेऊन रांगेत आहे. घंटी अजून वाजते.

हे सगळं तुला सोमवारी कळलंच असतं, त्यासाठी पत्र नको होतं. पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. तू पाहणीला आलास त्या दिवशी फाट्यावर तुझी जीप एका म्हातारीसाठी थांबली होती. डोक्यावर पाट, पाटावर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये मूर्ती, अंगावर निळं प्लॅस्टिक कपाळापर्यंत ओढलेलं. तू काच खाली केलीस, गणपतीला हात जोडलेस, काच वर केलीस. ती आय होती, दत्तू. तिने तुला ओळखलं. घरी येऊन मला म्हणाली, “दत्तूने नमस्कार केला गो मला,” आणि हसली. मग बराच वेळ कारखान्यातल्या एका कोरड्या मूर्तीला पदराने पुसत बसली. तुला सांगू नको म्हणाली. मी तिचं कधी ऐकलंय? सोमवारी रांगेत सगळ्यात पुढे तीच आहे, आणि तिच्या डोक्यावर काही नसेल. जीपमधून ये किंवा चालत ये. पण या वेळी नजर जरा खाली ठेव.

तुझीच,
हौसाताई