नळातलं चामडं

गुरुजी,

काल सकाळी मी तुमची वहाण कापली. डाव्या पायाची, टाचेपाशी. हे सर्वांत आधी सांगतो, कारण न्यायात प्रतिज्ञा पहिल्यांदा मांडावी आणि हेतू मागाहून द्यावा, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्या तेराव्याला अकोल्याला आलो होतो, तेव्हा तुमच्या सूनबाईंनी शिष्यांना तुमची एकेक वस्तू दिली. कुणाला पोथी मिळाली, कुणाला शाल, एकाला पळी-पंचपात्र. माझी पाळी येईपर्यंत कोपऱ्यातल्या वहाणा तेवढ्या उरल्या होत्या. मी त्या फडक्यात बांधून अमरावतीला आणल्या आणि माळ्यावर ठेवल्या. घरातल्यांना वाटे, मी त्यांची मनोमन पूजा करतो. त्यांच्यापुढे एकदाही हात जोडल्याचं मला आठवत नाही. पण टाकूनही दिल्या नाहीत, हे खरं. वैर राखायलासुद्धा हाताशी काहीतरी वस्तू लागते.

कापायचं कारण घडलं ते असं. कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव निघाला, आणि त्यात एक पितळी नळ मला स्वस्तात मिळाला. त्याला दोन चाव्या आहेत. एकीतून ऊन पाणी येतं, दुसरीतून थंड, दोन्ही आतल्या आत एक होतात आणि वर झारीसारखं तोंड आहे त्यातून अंगावर पडतात. काव्यांतल्या राजांची धारागृहं पोरांना शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. म्हटलं, एकदा आपणही धारेखाली बसून पाहावं. बंब भिंतीपलीकडच्या उंच ओट्यावर चढवला, शेजारी थंड पाण्याचं पिंप ठेवलं. दोन वर्षं माझी राजासारखी गेली. गेल्या महिन्यात मात्र ऊन पाण्याची चावी बंद होईना. कितीही पिळली तरी कढत पाण्याची धार चालूच. बायको तिच्याखाली बादली लावून कपडे भिजवू लागली. मिस्त्री म्हणाला, नवा नळ घ्या. लढाईच्या दिवसांत नवा नळ कुठला, आणि शाळामास्तराच्या पगारात तर मिस्त्रीसुद्धा कुठला? शेवटी सायकलवाल्याकडून पाना मागून आणला आणि स्वतःच बसलो.

तुमचा विश्वास बसणार नाही, पण या हातांनी तो नळ उघडला. आधी बंब रिकामा केला, पितळेवर ओरखडा येऊ नये म्हणून चावीभोवती फडकं गुंडाळलं, पाना लावला आणि दांडा फिरवून बाहेर काढला. त्याच्या टोकाला चामड्याची एक चकती होती, किंवा असावी. उरलं होतं ते करपलेल्या पापडासारखं काहीतरी. बोट लावताच त्याचा चुरा झाला. ही चकती आतल्या भोकावर दाबून बसते म्हणून पाणी थांबतं, इतकंच त्या यंत्राचं रहस्य. तो चुरा तळहातावर घेऊन मी न्हाणीच्या दगडावर किती वेळ बसून राहिलो कोण जाणे. तुमच्या घरून निघाल्याला पंचवीस वर्षं झाली, आणि माझा खटला असा एका दगडावर उभा राहिला.

तुमच्याकडेही असंच यंत्र होतं, गुरुजी. कापसाच्या जिनिंगच्या मालकानं भक्तीनं बसवून दिलेलं. फक्त त्याच्या चाव्या भिंतीबाहेर होत्या, कारण तुम्ही सोवळ्यात आणि चाव्या फिरवणारा मी ओवळ्यात. तुम्ही आत पाटावर बसायचात, आतून “ऊन”, “थंड” असा एकेक शब्द यायचा, आणि बाहेर मी दोन्ही चाव्या फिरवून पाणी जुळवायचो. जिनातला फिटर ते बसवायला आला तो दिवस मला आज समोर दिसतो. तो चामड्याच्या चकत्या काढतो आहे, आणि तुम्ही ओसरीवरून दोन पावलं मागे सरता आहात. स्नानाच्या पाण्याच्या वाटेत मेलेल्या जनावराचं कातडं, हे तुम्हाला कसं चालावं? तुम्ही आतून तुमच्या सोवळ्यातल्या जुन्या कदाची रेशमी चिंधी आणवलीत आणि म्हणालात, हिची गादी करून बसव. तो बिचारा टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

“महाराज, रेशीम नेसाले चांगलं हाये,” तो म्हणाला, “पण नळात नाई टिकत. कढत पान्यानं सडून जाईन. कोनाचं आंग भाजलं त मले बोल नका लावू.”

तुम्ही म्हणालात, नळाला सोवळंओवळं कळत नसेल, मला कळतं. त्यानं चिंधी बसवली आणि जाताना माझ्याकडे पाहून नुसता हसला.

चार महिन्यांनी ती चिंधी गेली. तुम्ही आतून म्हणालात, “ऊन कमी कर.” मी चावी पिळली, ती भोवऱ्यासारखी नुसती फिरली आणि बंबातलं सगळं पाणी तुमच्या खांद्यावरून पाठीवर उतरलं. फक्त पाट सरकल्याचा आवाज आला. मग ओलेत्यानं बाहेर येऊन, अकरा शिष्य उभे असताना, तुम्ही अगदी हळू आवाजात बोललात. “ज्याला दोन पाणी एक करता येत नाहीत, त्याच्या हाती शास्त्र काय द्यायचं?” काशीच्या पाठशाळेसाठी लिहिलेलं शिफारसपत्र तुमच्या पेटीत होतं. त्यावर माझं नाव होतं. आठ दिवसांनी ते दुसऱ्याच्या नावानं गेलं, आणि मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला आलो, तो आजवर ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेतो आहे.

आता मला सांगा, नैयायिक तुम्ही. पाणी कढत आलं, चावीपाशी शिष्य होता, म्हणून दोष शिष्याचा. हे अनुमान परीक्षेत कुणी लिहिलं असतं तर तुम्ही पाटी भिरकावली असती. चिंधीचा विचार केला नाहीत. फिटरचं बोलणं आठवलं नाहीत. नळ उघडून पाहायला सांगितलं नाहीत. कारण नळ उघडला असता तर आत कुजलेलं रेशीम सापडलं असतं, आणि ते तुमच्या अंगावरचं होतं. चामड्याची बोटभर चकती तुम्हाला विटाळ वाटली, आणि तिच्यापायी एका माणसाची काशी बुडाली.

म्हणून, गुरुजी, बाजारात चामड्याचा तुकडा मिळाला असता तरी मी तुमचीच वहाण घेतली असती. मिळाला नाही, हे फक्त माझं नशीब. टाचेपाशी कातडं जाड आणि घट्ट होतं. तुमचा भार त्यानं बरीच वर्षं सोसला होता. एका पैशाभोवती खडूची रेघ मारली, चांभाराच्या रापीनं गोल कापलं, दाभणानं मध्ये भोक पाडलं, रात्रभर एरंडेलात मुरवलं. आतल्या भोकाभोवती आमच्या विहिरीच्या पाण्याचा पांढरा क्षार चढला होता, तो चिंचेनं घासून काढला. दांड्याला सुताचे चार वेढे दिले. बायको वरूडकडची, ती दारात उभी राहून बघत होती.

“अवो, गुरूची वहान कापून राहिले तुमी? पूजेतली ना ते?”

म्हटलं, पूजेतच ठेवतो आहे, आता रोज अभिषेक होईल.

“तुमच्या मनात काय हाये ते मले मालूम हाये,” एवढं बोलून ती चुलीकडे गेली.

आज सकाळी बंब पेटवला. चावी अगदी दोन बोटांनी बंद होते. थेंबसुद्धा गळत नाही. जन्मभर ज्याला पाण्याच्या वाटेत येऊ दिलं नाहीत, ते चामडं, तेही तुमच्या तळपायाखालचं, आता माझ्या स्नानाचं पाणी अडवून बसलं आहे. मी धारेखाली बसलो आणि मोठ्यानं हसलो. पाणी उत्तम कोमट होतं. दोन्ही पाणी एक झालं होतं, गुरुजी.

हे सगळं मी लिहून काढलं ते येत्या शनिवारसाठी. तुमच्या पुण्यतिथीला अकोल्यात जुने शिष्य जमणार आहेत. माझ्याऐवजी जो काशीला गेला, तोच आता सगळं जमवतो. त्यानं मला पत्र टाकलं, की तुझा तो न्हाणीतला किस्सा सांग, लोक पोट धरून हसतील. म्हटलं, सांगतोच. त्याच वहाणेची आणखी एक चकती कापून खिशात घालून जायचं, सर्वांसमोर ठेवायची, आणि पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या हाताला सगळे हसले त्याचा निकाल तिथल्या तिथे लावून घ्यायचा. वाचताना कुठे थांबायचं, कुठे वर पाहायचं, तेही ठरवलं होतं.

पण तिथे एखादा जुना नैयायिक उठून विचारील, की त्या सकाळी तू काय पाहिलंस? तुम्ही नाही विचारलंत. विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं. आदल्या संध्याकाळी पाठ चुकला, माझ्या तोंडून ‘मले’ निघालं, आणि तुम्ही तो शब्द माझ्याच हेलात तीनदा म्हणून दाखवलात. सगळे हसले. मोर्शीच्या रानातून आलेल्या पोराला तेवढं हसू पुष्कळ होतं. सकाळी तुम्ही पाटावर बसण्याआधी मी नेहमीसारखी ऊन पाण्याची चावी बंद करून पाहिली. ती बंद होत नव्हती. मी न्हाणीच्या दारातून तळहात धारेखाली धरला, चटका बसला, आणि फिटर काय म्हणाला होता ते लख्ख आठवलं. तुम्हाला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाठ भाजेल इतकं मनात नव्हतं. थोडं पोळावं, एवढंच होतं.

शनिवारी मी अकोल्याला येत नाही, आणि हा कागदही तिकडे धाडत नाही. त्या सकाळी मी हात धोतराला पुसला आणि तुम्हाला हाक मारली, “या गुरुजी, पाणी झालं.”